घरचा कर्ता

वऱ्हाडातल्या शेतकरी घरात कर्ता माणूस सगळ्यांच्या आधी उठतो आणि सगळे जेवल्यावर ताटावर बसतो. त्याच्याही मागे जेवायची राहते ती फक्त घरची बाई. कापसाचा चुकारा घेऊन तो खामगावच्या बाजारातून परततो तेव्हा पिशवीत पोरांचा खाऊ असतो, बैलांचा कासरा असतो, लेकीसाठी लुगडं असतं. स्वतःची तुटकी वहाण मात्र तो अजून एकदा शिवून घेतो. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, अशा माणसांच्याच खांद्यावर घरं उभी राहिली. सातबाऱ्यापलीकडे त्यांची नावं कुठे लिहिली गेली नाहीत.

त्यांच्यातलाच एक माणूस शेगावात होता. त्याचं घर एवढं मोठं की तिथे रोज हजारो माणसं जेवून जायची. शिवशंकरभाऊ पाटील. गजानन महाराज संस्थानचा कारभार त्यांनी आयुष्यभर पाहिला. लोक मात्र पदाचं नाव घेत नसत, नुसतं ‘भाऊ’ म्हणत. आमच्याकडे कित्येक घरांत लेकरं बापालाच भाऊ म्हणतात, त्यामुळे त्या हाकेत धाक आणि भरवसा दोन्ही आपसूक यायचे.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १९४० चा. याच तारखेला घाटावर सिंदखेडराजाला जिजाऊंची जयंती असते, सगळा जिल्हा तिकडे लोटतो. भाऊ घाटाखालचे. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती, कपाशी, ज्वारी, तूर आणि चैत्र-वैशाखातलं भाजून काढणारं ऊन, हे त्यांचं माहेर आणि सासर. तरुणपणी ते मंदिराच्या कामाला लागले ते अखेरपर्यंत त्यातच राहिले. पांढरे कपडे, डोक्यावर पांढरी टोपी आणि कमी बोलणं. गावच्या पारावर बसलेल्या चार जुन्या माणसांत ते सहज मिसळून गेले असते.

ज्या ठिकाणाची जबाबदारी त्यांनी घेतली, त्याची पहिली आठवणच अन्नाची आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात एका वडाजवळ उष्ट्या पत्रावळी टाकल्या होत्या. त्यांवरची भाताची शितं वेचून खाणारा एक अनोळखी तरुण बंकटलाल अग्रवाल आणि दामोदर कुलकर्णी यांच्या नजरेस पडला. तेच गजानन महाराज. पुढे ८ सप्टेंबर १९१० ला, ऋषिपंचमीच्या दिवशी, महाराजांनी समाधी घेतली. दासगणूंनी त्यांचं चरित्र २१ अध्यायांत लिहिलं आणि ती पोथी घराघरांत गेली. पारायणं लाखोंनी केली. भाऊंनी त्या पहिल्या प्रसंगाचा अर्थ स्वयंपाकघरात, भोजनकक्षात आणि हिशेबाच्या वहीत उतरवला. टाकलेलं शितही ज्याला मोलाचं वाटलं, त्याच्या दारात काहीच वाया जाता कामा नये, एवढं त्यांनी धरून ठेवलं.

शेगावच्या महाप्रसादाच्या पंगतीला बसलेल्या कुणालाही हे कळतं. एक पंगत उठली की सेवेकरी पुढे येतात. ओल्या फडक्याचा हात, त्यामागे कोरड्या फडक्याचा हात, आणि फरशी पुन्हा लख्ख. नवी पंगत बसते. वाढणारा वाकून विचारतो, “माऊली, अजून पायजे का? पण टाकजा नका, बरं.” आवाजात हुकूम नसतो, तरी पुढचा माणूस पानातलं शेवटचं शीत बोटाने टिपून घेतो. मी पाहिलेला एक सेवेकरी वरणाची बादली हातात घेऊन ओळीच्या टोकाशी थांबला होता. कुणीतरी लहान मुलाच्या पानात जास्त वाढायला सांगितलं, तर तो म्हणाला, “आधी एवढं खाऊ द्या त्याले, मंग मी हावच ना इथं.” त्या एका वाक्यात एका घराची पूर्ण रीत होती.

हा वाढणारा माणूस पगारी नसतो. कुणी शेतकरी, कुणी शिक्षक, कुणी दुकानदार. गावाकडची कामं आवरून, पाळीची वाट पाहून तो सेवेला येतो. सेवा म्हणजे तरी काय, तर चपला सांभाळणं, फरशी पुसणं, रांग नीट चालवणं, म्हाताऱ्या आजीचा हात धरून तिला पायरी उतरवणं. गावात चारचौघांवर रुबाब करणारा माणूस इथे अनोळखी माणसाची चप्पल उचलून ठेवतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. घरचा कर्ता स्वतः वाकून काम करत असला की धाकट्यांना वाकायला सांगावं लागत नाही. शेगावात नेमकं हेच झालं.

भाऊंविषयी शेगावात एक गोष्ट सगळेच सांगतात. इतकी वर्षं संस्थानात वावरले, पण मानधन घेतलं नाही, आणि संस्थानचं पाणीही ते पीत नसत. परगावच्या माणसाला ही नुसती तत्त्वाची गोष्ट वाटेल. आम्हाला तिचं वजन वेगळं कळतं. शेगावचा हा टापू खारपाणपट्ट्यातला. विहीर खणावी, कळशी शेंदावी आणि पहिल्या घोटाला तोंड मचूळ व्हावं, असा पूर्णाकाठच्या गावांचा पिढ्यांचा अनुभव. गोड्या पाण्यासाठी बायकांनी इथे मैलोन्‌मैल पायपीट केली. अशा मुलखात दारी आलेल्या प्रत्येकाला थंड, स्वच्छ पाणी द्यायचं आणि आपण मात्र त्या पाण्याला तोंड लावायचं नाही, हे फार कठीण व्रत आहे. भाविकाने हुंडीत टाकलेला रुपया हा कुणाच्या तरी कपाशीचा, कुणाच्या तरी मजुरीचा रुपया असतो. तो महाराजांचा झाला. मग आपण त्यातला घोटभरही घ्यायचा नाही. हिशेब एवढा सरळ होता.

त्या रुपयाला वाट मात्र त्यांनी दूरदूरची दाखवली. १९८३ साली शेगावात संस्थानचं अभियांत्रिकी महाविद्यालय उभं राहिलं आणि घाटाखालच्या शेतकऱ्यांची पोरं तिथे शिकू लागली. सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी पाड्यांपर्यंत फिरतं रुग्णालय गेलं. मतिमंद मुलांसाठी शाळा निघाली. पाण्याची वानवा असलेल्या शेगावात संस्थानच्या आनंदसागर उद्यानाचा तलाव झाला, भोवती झाडी वाढली. आणि गावोगावच्या भजनी मंडळांना टाळ, मृदंग, वीणा, ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा मिळू लागली. मला या सगळ्यांत टाळांची गोष्ट जवळची वाटते. ज्या मारुतीच्या पारावर एकादशीलाही शुकशुकाट असायचा, तिथे टाळांचे जोड आले की आठ-दहा माणसं जमतात, पोरं मागे बसतात. तेवढा वेळ गाव एका जागी येतं.

पालखीतही त्यांचाच हात दिसायचा. शेगावहून पंढरपूरला पायी जाणारे सुमारे ७०० वारकरी, सगळे पांढऱ्या वेशात, ओळीत, एका तालात. गावातून पालखी निघाली की रस्त्यावर उभी असलेली माणसं आपोआप नीट उभी राहतात. परतीच्या शेवटच्या टप्प्याला, खामगाव ते शेगाव, अख्खा मुलूख बरोबर चालतो. पालखी घरी येतेय म्हणून सुना-लेकी रस्त्याच्या कडेला चहा, फराळ, पाणी घेऊन उभ्या असतात.

२०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी ही पायी वारी निघाली नाही. करोनाने देवळांची दारं लागली. ४ ऑगस्ट २०२१ ला भाऊ गेले तेव्हाही मंदिर भाविकांसाठी बंदच होतं. ज्या माणसाने आयुष्यभर लाखोंच्या गर्दीला ओळ लावली, त्याच्या अखेरच्या दर्शनाला त्या गर्दीला येता आलं नाही. घाटावरच्या, घाटाखालच्या गावांत लोकांनी आपापल्या घरीच हात जोडले. कुणी कुणी त्या दिवशी चूलही पेटवली नाही. त्या ऑक्टोबरात घटस्थापनेला देवळं उघडली आणि लोक पुन्हा शेगावला गेले. फरशी तशीच लख्ख होती, रांग तशीच सरळ, “माऊली, पुढं व्हा” म्हणणारा आवाजही तोच. चुकलं-माकलं तर रागावणारा माणूस आता नव्हता, तरी कुणी चुकत नव्हतं.

कर्ता माणूस मागे काय ठेवतो, याचं उत्तर मला तिथे मिळालं. जमिनीची वाटणी होते, घरं पडतात, दागिने मोडले जातात. मागच्यांच्या हाताला लावलेलं वळण तेवढं राहतं, आणि ते वळण उपदेशाने लागत नाही, रोज डोळ्यांसमोर वागून दाखवावं लागतं. भाऊंनी ते सगळ्या शेगावाला लावलं. घाटाखालच्या कित्येक अनाम बापांनी ते आपापल्या चार भिंतींत लावलं. त्या सगळ्यांचं ऋण एकाच जातीचं आहे. ते फेडायला तसबिरीला घातलेला हार पुरत नाही. आपल्या हाती गावाचा, शाळेचा, सोसायटीचा, देवळाचा जो काही पैसा असेल, त्याचा हिशेब आज रात्री झोपण्यापूर्वी चोख लिहावा, आणि त्यातला एक रुपयाही घरी नेऊ नये. एवढं जमलं तर त्या माणसांची आठवण काढायचा आपल्याला हक्क आहे.