बारा महिन्यांचे बारा विषय

काचेच्या पेटीत पाणवनस्पती वाढविण्याचा छंद असलेल्या पंधरावीस जणांचे पुण्यात आमचे एक लहानसे मंडळ आहे. महिन्यातून एका रविवारी कोणा एकाच्या घरी जमावयाचे, त्याच्या पेटीसमोर बसून ठरलेल्या विषयावर बोलावयाचे आणि पोहे-कॉफी झाली की बरोबर आणलेल्या रोपांच्या फांद्यांची देवघेव करून घरी परतावयाचे, असा आमचा शिरस्ता. यंदा वर्षाचे बारा विषय ठरविण्याची कामगिरी माझ्याकडे आली. ती अगदीच सोपी आहे असे मला वाटले. ज्या वाचकांनी एखाद्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेचे विषय ठरविले असतील, त्यांना माझ्या या समजुतीचे हसूच येईल.

पहिली यादी मी एका बैठकीत लिहून काढली. आरंभी रॉबर्ट वॉरिंग्टन. लंडनच्या या रसायनशास्त्रज्ञाने 1849 साली बारा गॅलन मावणाऱ्या काचेच्या पात्रात दोन सोनेरी मासे आणि व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीने प्राणवायू द्यावा, माशांनी तिला खत द्यावे, असा त्याचा हिशेब होता. परंतु जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढुळले. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, आणि चक्र पुरे झाले. पुढच्याच वर्षी त्याने हा वृत्तान्त तेथील रसायनशास्त्र परिषदेला सादर केला. दुसरा विषय जपानचा ताकाशी अमानो (1954–2015). मूळचा सायकलपटू, मग छायाचित्रकार, आणि शेवटी पाण्याखाली डोंगर व राने उभी करणारा कलावंत. लिस्बनच्या मत्स्यालयात त्याने 2015 साली उभारलेली पेटी चाळीस मीटर लांब होती. पुढे दिवे, खते, माती असे ओळीने आले. साताऱ्याकडच्या पठारांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या वायतुऱ्यासाठी एका सभासदाने सहलही सुचविली होती. ही वनस्पती सह्याद्रीच्या पठारांखेरीज अन्यत्र सापडत नाही, तेव्हा ‘फक्त पाहावयास, उपटावयास नव्हे’ अशी पुस्ती जोडून मी तीही घेतली. त्या पुस्तीवरून पुढे थोडी बाचाबाची झाली, ती सोडून देतो.

आमचे कुटुंब अजून एकत्र आहे. पेटी दिवाणखान्यात असून तिच्यावर खरे लक्ष असते ते माझ्या थोरल्या वहिनींचे. यादी मी मोठ्या ऐटीने त्यांच्यापुढे ठेवली. मेथी निवडता निवडता त्यांनी ती वाचली आणि म्हणाल्या, “छान आहे हो, भाऊजी. पण मासे मेल्याचं कुठंच काही नाही ते?”

मी काही बोललो नाही. गोष्ट दोन वर्षांपूर्वीची होती. मंडळी आमच्याकडे यावयाची होती, आणि पानापानांवर प्राणवायूचे मोत्यांसारखे बुडबुडे चमकलेले त्यांना दाखवावे, अशी मला फार हौस. वनस्पतींना कार्बन डायऑक्साइड वायू अधिक मिळाला, की उजेडात त्या असे बुडबुडे सोडतात. म्हणून आदल्या दिवशी सकाळी मी नळकांड्याची चावी जरा अधिक फिरविली आणि एका लग्नाला निघून गेलो. पाण्यात बुडविलेल्या काचेच्या कुपीतला द्रव निळा असला तर वायू कमी, हिरवा असला तर बेताचा आणि पिवळा झाला तर फाजील, एवढे मला ठाऊक होते. पण ही कुपी तास-दोन तास मागूनच बोलते. मी निघालो तेव्हा ती हिरवी होती. रात्री परतलो तेव्हा पिवळी होती, आणि सहा मासे पाण्यावर आडवे तरंगत होते.

ते मासे केरळातले. त्यांना तिकडे ‘मिस केरळ’ म्हणतात. अंगावर तांबडी रेघ, खळाळत्या, प्राणवायूने भरलेल्या ओढ्यांतला त्यांचा जन्म. शास्त्रज्ञांनी 2013 साली त्यांच्या वंशाला ‘सह्याद्रिया’ असे नावच दिले. ही जात आता संकटात आहे, आणि माझ्यासारख्यांच्या पेट्यांसाठी होणारी धरपकड हे त्याचे एक मोठे कारण. वायू फाजील झाला की माशाच्या रक्ताला पाण्यात असलेला प्राणवायूही उचलता येत नाही. भरल्या पाण्यात त्यांचा श्वास कोंडला.

दुसऱ्या दिवशी मंडळी आली, तेव्हा मी सांगितले, “काहीतरी रोग आला.” वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्या वेळी त्यांनी अवाक्षर काढले नाही. दोन वर्षांनी मेथी निवडताना काढले.

सभासदांनी विषय सुचविण्यासाठी दिलेल्या चिठ्ठ्या माझ्या खणात होत्या. त्यांतली एक ‘फारच प्राथमिक’ म्हणून मी बाजूस टाकली होती. ती पुन्हा काढली. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने लिहिले होते : ‘संध्याकाळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे का उघडतात?’ चिठ्ठीला तीन आठवडे उलटून गेले होते. मी तत्काळ तिला फोन लावला.

दोन मासे आधीच गेले होते. “मी औषध घालतेय ना, काका,” ती म्हणाली. “तुमचे मासे गेले तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात की रोग होता.”

वायूची चावी बंद कर, हवेचा पंप लाव, अर्धे पाणी बदल, औषध थांबव, हे सारे मी एका दमात सांगितले. खरे कारण मात्र फोनवर सांगवेना. चार मासे वाचले, हे तिने दुसऱ्या दिवशी कळविले.

मग जुनी यादी मी बाजूस ठेवली. वर्षाच्या पहिल्या बैठकीचा विषय लिहिला : ‘माझे मासे मी कसे मारले.’ बैठक आमच्याच घरी होती. मी सांगू लागलो तेव्हा ती मुलगी अगदी पुढे बसली होती. तिच्याकडे पाहणे मला जमले नाही. बोलणे संपल्यावर बराच वेळ कोणी हलले नाही. मग आमच्यातले सर्वांत वडीलधारे सभासद, निवृत्त इंजिनियर, खाकरून म्हणाले की बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात आपण एक नाजूक वनस्पती तीनदा घालविली आणि तिन्ही वेळा दोष दुकानदाराला दिला. दुसऱ्याने शेवाळ मारण्याच्या औषधाने कोळंबीच कशी मेली ते सांगितले. तिसऱ्याने, नवी पेटी मुरू न देता पहिल्याच दिवशी मासे सोडल्याचे. ती मुलगी वही काढून लिहून घेऊ लागली. सात विषय झाले तेव्हा वहिनी आतून बाहेर आल्या आणि पोहे दुसऱ्यांदा गरम करावयास घेऊन गेल्या.