ब्रूक ग्रीनची कन्याशाळा

लंडन शहर पाहावयास जाणारा आपल्याकडील गृहस्थ ब्रिटिश म्युझियम, पार्लमेंटची इमारत, टॉवर आणि एखादे विस्तीर्ण उद्यान एवढे पाहून बहुधा संतुष्ट होतो. शहराच्या पश्चिमेस, थेम्स नदीच्या काठी, हॅमरस्मिथ नावाचा भाग आहे. तिकडे त्याची पावले सहसा वळत नाहीत. आम्ही मात्र तेथे मुद्दाम गेलो, आणि तेही एका कन्याशाळेसाठी. ज्याने उभा जन्म संस्कृत शिकविण्यात घालविला त्याने वाट वाकडी करून जावे, असे तेथे काय आहे, हे वाचकांस सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

हॅमरस्मिथच्या स्टेशनातून बाहेर पडून गजबजलेले रस्ते मागे टाकले, की थोड्याच वेळात ब्रूक ग्रीन लागते. या नावाचा अर्थ ओढ्याकाठचे कुरण. ओढा आता दृष्टीस पडत नाही. लांबट हिरवे मैदान आणि उंच झाडे तेवढी राहिली आहेत. त्या मैदानासमोर सेंट पॉल्स गर्ल्स स्कूल ही शाळा आहे. जेराल्ड हॉर्सली नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने तिची इमारत योजिली. चालू शाळेत परक्या माणसास सहज प्रवेश नसतो, आणि ते योग्यच आहे. आम्ही बाहेरूनच दर्शन घेतले. भिंतीवर एक निळी गोल पाटी आहे. गुस्ताव होल्स्ट हा संगीतकार येथे शिकवीत होता, आणि ग्रहमालेवरील आपली विख्यात रचना त्याने येथे केली, असा तिचा आशय.

शाळेचा पूर्ववृत्तांत थोडक्यात सांगतो. जॉन कोलेट या धर्माधिकाऱ्याने १५०९ साली आपल्या संपत्तीतून १५३ मुलग्यांसाठी शाळा स्थापिली आणि तिची व्यवस्था मर्सर्स कंपनी या व्यापारी श्रेणीकडे सोपविली. त्याच निधीतून मुलींची शाळा निघण्यास १९०४ साल उजाडावे लागले. म्हणजे भावांच्या मागून बहिणींची पाळी यावयास ३९५ वर्षे लागली! स्त्रीशिक्षणाचा उशीर हा केवळ आपल्याच देशाचा दोष नव्हे, इतकाच बोध यातून घ्यावा. पहिल्या मुख्याध्यापिका फ्रान्सिस ग्रे यांच्या कारकिर्दीत, १९०५ साली, होल्स्ट संगीतशिक्षक म्हणून येथे आला.

हा मनुष्य १८७४ साली चेल्टनहॅम येथे जन्मला. उजव्या हाताच्या मज्जातंतूंच्या दुखण्याने पियानोवादक होण्याची त्याची आशा खुंटली, तेव्हा ट्रॉम्बोन हे पितळी वाद्य फुंकून तो पोट भरू लागला. पुढे तो शाळामास्तर झाला. १९०८ ते १९१३ या काळात त्याचे बिऱ्हाड नदीच्या पलीकडे बार्न्स येथे होते. हॅमरस्मिथच्या झुलत्या पुलावरून आम्ही चालत गेलो. खालून संथ पाणी वाहत होते आणि पलीकडच्या काठावर नदीकडे तोंड करून बसलेली जुनी घरे दिसत होती. त्यांतल्याच एका घरात एक इंग्रज कोश आणि व्याकरण पुढे घेऊन संस्कृताशी झटत होता, ही कल्पना मनास मोठी सुखकर वाटली.

त्या काळी मुलींच्या शाळांतून संगीताच्या नावाखाली पुष्कळदा गुळमट, भावविवश गाणी शिकविली जात. दिवाणखान्यात पाहुण्यांपुढे मुलीने पियानोवर चार गती वाजवाव्यात, एवढेच त्या शिक्षणाचे फलित. होल्स्टने ही चाल मोडली. मुलींसाठी म्हणून संगीत हलके करावयाचे नाही, हा त्याचा नेम. बाख, पॅलेस्ट्रीना अशा थोर रचनाकारांची कृती त्याने मुलींच्या हाती दिली आणि एकटीच्या कौतुकापेक्षा सर्वांनी मिळून गाणे व वाजविणे यांवर भर दिला.

या शाळेच्या सांगीतिक आयुष्यातील एक वर्ष विशेष स्मरणीय आहे. १ जुलै १९१३ रोजी तेथे संगीताची स्वतंत्र इमारत उघडली. तीत होल्स्टसाठी एक खोली होती, जिच्यात बाहेरचा आवाज शिरू नये अशी योजना केलेली होती. आठवडाभर मुली, शनिवार-रविवारी आणि सुट्टीत ती निःशब्द खोली व तो. या उपकाराची फेड म्हणून त्याने मुलींच्या तंतुवाद्यवृंदासाठी ‘सेंट पॉल्स सूट’ ही चार भागांची रचना केली. तिच्या दुसऱ्या भागात दुय्यम व्हायोलिनवादिका एकच छोटी स्वरावली अखंड फिरवीत राहतात. तबल्याच्या स्वतंत्र वादनात पेटीवर लहरा धरतात, तसाच हा प्रकार. मागच्या रांगेतील मुलीने हात थांबविला, तर सारा डोलारा कोसळेल! शेवटच्या भागात ‘डार्गसन’ नावाची जुनी नाचाची चाल फिरत असते आणि तिच्यावर ‘ग्रीनस्लीव्हज’ ही दुसरी लोकप्रिय चाल येऊन बसते. शिक्षक या नात्याने आम्हांस यातील मर्म असे वाटते की, घरोघरी ठाऊक असलेली चाल त्याने त्याज्य मानिली नाही, तिला विद्येच्या आसनावर बसविले.

ते वर्ष सरले आणि ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. ग्रहमालेतील मंगळ, शुक्र आणि गुरू हे भाग १९१४ सालचेच. सगळी रचना १९१७ पर्यंत पूर्ण झाली. दुखऱ्या हातामुळे एवढी मोठी संहिता लिहिणे होल्स्टला अवघड जाई. तेव्हा व्हॅली लास्कर व नोरा डे या शाळेतील सहकारी शिक्षिकांनी आणि जेन जोसेफ या माजी विद्यार्थिनीने त्याच्या सांगण्यावरून लेखनाचे काम केले. व्यासांस एक गणपती लाभला. या मास्तरास तीन सरस्वती लाभल्या.

शेवटचा ग्रह नेपच्यून, ज्यास आपण मराठीत वरुण म्हणतो. या भागात श्रोत्यांस न दिसणाऱ्या जागी स्त्रिया शब्दांवाचून गातात, आणि शेवटी मधले दार हळूहळू लोटून घेतले जाते, तसतसा स्वर विरत जातो. २९ सप्टेंबर १९१८ रोजी क्वीन्स हॉलमध्ये ही रचना प्रथम वाजली, तेव्हा त्या अदृश्य गायिकांत या शाळेच्या मुली होत्या.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. होल्स्टने ऋग्वेदातील सूक्तांची स्वतः इंग्रजी रूपांतरे करून त्यांस संगीत दिले. त्या समूहगीतांच्या मालिकेतील दुसरा व तिसरा गट केवळ स्त्रीकंठासाठी आहे. दुसऱ्यात वरुण आणि अग्नी. तिसऱ्यात उषा, आपः, वेन आणि प्रवाशांचे सूक्त, साथीस हार्प. महाभारतातील सावित्रीच्या आख्यानावर त्याने १९०८ साली छोटे संगीतनाट्य रचिले. ज्या काळी आपल्या घरांत मुलींना वेदाधिकार आहे की नाही यावर शास्त्रार्थ चालले होते, त्याच काळी तिकडे उषःसूक्त स्त्रियांच्या मुखी जात होते. वस्तुतः घोषा, अपाला, विश्ववारा या सूक्तद्रष्ट्या आपल्याच. आम्ही ऋचा पाठ केल्या, अर्थ सांगितला. त्या मुलींच्या कंठात घालण्याचे धैर्य मात्र परक्याने दाखविले, हे नमूद करणे भाग आहे.

आपल्याकडे काहीच झाले नाही, असे नव्हे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीतास प्रतिष्ठा मिळवून दिली. मंगळागौर, भोंडला, जात्यावरची ओवी यांतून आपल्या स्त्रियांचे समूहगान तर शतकानुशतके चालत आले. परंतु घरातील मुलीचे पद्धतशीर गाणे पुष्कळदा लग्न ठरेपर्यंतच टिके. पाहावयास आलेल्या मंडळींपुढे एक पद म्हटले, की पेटीवर कापड पडे ते कायमचे. पाहण्याची ती रीत पुष्कळ घरांतून गेली. तिच्या जागी परीक्षांची प्रमाणपत्रे आणि स्पर्धांची पारितोषिके आली. कापड मात्र अजूनही पडतेच.

कीर्ती मिळाल्यावरही होल्स्टने ब्रूक ग्रीन सोडले नाही. १९३३ साली रुग्णालयात असताना त्याने शाळेच्या लहान मुलींसाठी ‘ब्रूक ग्रीन सूट’ लिहिला. मार्च १९३४ मध्ये मुलींनी तो वाजविला. २५ मे रोजी तो वारला. अखेरच्या आजारातही ज्याला धाकट्या वर्गातील नवशिक्या मुलींच्या बोटांची आठवण राहिली, त्याला आम्ही संगीतकाराआधी शिक्षक म्हणतो.

एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंती की, आठवड्यातील एक संध्याकाळ लेकी, सुना आणि नातवंडे यांच्या एकत्र गाण्यास द्यावी. श्रोते नकोत, बक्षीस नको. ज्या सुनेने माहेरी गाणे शिकून सोडले असेल, तिला प्रथम बसवावे. आणि त्या वेळेपुरता स्वयंपाक दुसऱ्या कोणी पाहावा.