पाणी घोट्यापर्यंतच होतं

आजीच्या तोंडून स्मिता पाटील यांच्या बातम्यांचं आणि आईच्या तोंडून प्रदीप भिडे यांच्या आवाजाचं कौतुक ऐकत मी वाढले. 1972मध्ये सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनवरच्या बातम्या म्हणजे आमच्या घरी शुद्ध उच्चारांचा वस्तुपाठ. त्यामुळे वृत्तवाहिनीत नोकरी लागल्यावर मी जोर दिला तो ‘ळ’ आणि ‘ण’वर. इथे आल्यावर कळलं की अर्धं काम कानानं करायचं असतं.

अँकरच्या कानात सतत पीसीआर, म्हणजे स्टुडिओचा नियंत्रण कक्ष, बोलत असतो. ‘फोनो लागलाय’, ‘पाहुणे अजून आले नाहीत’, ‘तीस सेकंदांत ब्रेक’. त्याच वेळी कॅमेऱ्यासमोरच्या तिरक्या काचेवर प्रॉम्प्टरच्या ओळी वर सरकत असतात. हे सगळं ऐकत ऐकत अँकरनं आपलं वाक्य न अडखळता पुरं करायचं! ब्रेकिंग आलं की प्रॉम्प्टरही कोरा. हातात एक ओळ आणि पुढे भरायचा सगळा वेळ. आमच्या ज्येष्ठ अँकर ताईंना मी पहिल्यांदा हे करताना पाहिलं तेव्हा थक्क झाले. त्यांनी मला एकच सांगितलं, “नवीन काही नसेल तर आहे तेच पुन्हा सांग. वाढवून सांगू नकोस.”

याचा खरा अर्थ कळला तो मुंबईत दादरजवळच्या हिंदमाताला. पावसाळ्यात प्रत्येक वाहिनीचा बूम माइक तिथे हजर असतो. भाग बशीसारखा खोलगट. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकदम आली की पाण्याला समुद्राकडे वाट मिळत नाही. मी पोचले तेव्हा पाणी घोट्यापर्यंत होतं आणि ओसरत होतं. कॅमेरामन दादांनी बॅकपॅक खांद्याला लावला. त्यात अनेक सिमकार्डं असतात, त्यांच्यावरूनच चित्र स्टुडिओत जातं आणि थोडं उशिरा पोचतं. म्हणून प्रश्न आल्यावर रिपोर्टर क्षणभर गप्प दिसतो. घरी बसून मला वाटायचं, हा विचार करतोय.

कानात डेस्कचा आवाज आला, “जिथे खोल आहे तिथे उभी राहा. गुडघाभर तरी दिसू दे.” दादांनी काही न बोलता कॅमेरा खाली, पाण्यालगत धरून दाखवला. व्ह्यूफाइंडरमध्ये रस्त्याची नदी झाली होती! मग कॅमेरा खांद्यावर घेतला आणि त्याच जागी फक्त ओला रस्ता उरला. मी चक्रावून गेले. दोन्ही चित्रं खरीच, पण बघणाऱ्याला भीती वाटणार ती एकाच चित्राची.

शेजारचे कापड दुकानदार काका खालच्या फळीवरचे गठ्ठे वर चढवत होते. त्यांनी भिंतीवर छातीच्या उंचीवर हात ठेवला आणि म्हणाले, “26 जुलैला इथवर होतं, बाळा.” 2005च्या त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. आता जमिनीखाली साठवण टाक्या झाल्यापासून पाणी लवकर उतरतं, हेही त्यांनीच सांगितलं. माझी बातमी तिथे होती, त्या गठ्ठ्यांत.

लाइव्ह सुरू झालं. अँकरनं विचारलं, “परिस्थिती किती गंभीर आहे?” मी सांगितलं, पाणी घोट्यापर्यंत आहे, उतरतंय, वाहतूक हळू पण सुरू आहे, आणि काकांचा बाईट घेतला. कानात कोणीतरी ‘ठीक आहे, संपव’ म्हणालं. माझा वेळ निम्म्यावर आला.

गाडीत बसताना दादांना विचारलं, “असं रोज सांगतात का?” लेन्स पुसत ते म्हणाले, “पावसाळ्यात रोज. निवडणुकीत जास्त.” तेवढ्यात असाइनमेंट डेस्कचा फोन आला: मिलन सबवेला निघा, तिथे जास्त भरलंय म्हणतात. किती भरलंय, कोणी पाहिलंय, असं मी विचारलं. पलीकडून उत्तर आलं, “तू जाऊन सांग.”