बारक्याची गोळी

(इयत्ता चौथी, हजेरी क्रमांक ११)



या महिन्याचे आपले भित्तिपत्रक आरोग्यावर आहे. गुरुजी म्हणाले, "आरोग्याची एक बातमी लिहा, पण पुस्तकातली नको. घरात घडलेली लिहा." शेजारच्या चौकटीत हात धुण्याचे चित्र आहे, ते तिसरीच्या मुलींनी काढले आहे. मला चित्र नीट येत नाही. म्हणून मी गोळीची गोष्ट लिहितो. ती खरी आहे व तिच्यात माझी चूकही आहे.

माझे आईवडील ऊसतोडीला जातात. आपल्या बीड जिल्ह्यातून लाखो माणसे जातात, त्यात आपल्या गावातली निम्मी घरे. दिवाळीच्या सुमाराला गाड्या भरतात व मार्च-एप्रिलात माणसे परत येतात. मी दुसरीत असताना फडावरच होतो. तिसरीपासून गुरुजींनी मला ठेवून घेतले. आता हंगामात मी रात्री शाळेतल्या हंगामी वसतिगृहात जेवतो व झोपायला आज्जीजवळ जातो. माझा धाकटा भाऊ मात्र आईबरोबर जायचा. त्याला घरात सगळे बारक्या म्हणतात. लहान आहे म्हणून बारक्या, आणि बारीक आहे म्हणूनही बारक्या.

मागच्या फेब्रुवारीत आपल्या शाळेत जंताच्या गोळ्या दिल्या, ते तुम्हांला आठवत असेल. त्या दिवशी खिचडी झाल्यावर आशाताईंनी आपल्याला ओट्यावर बसवले. त्या म्हणाल्या की हा गोळीचा दिवस भारत सरकारने २०१५ साली सुरू केला. एक वर्षाच्या लेकरापासून एकोणीस वर्षांपर्यंत सगळ्यांना गोळी द्यायची, फेब्रुवारीत एकदा व ऑगस्टात एकदा. मग त्यांनी जंतांचा तक्ता दाखवला. गोलकृमी फूटपट्टीएवढा लांब होतो, हे ऐकून मुली ईऽऽ करून ओरडल्या. मला तो किळसवाणा वाटला, पण भीती वाटली ती दुसऱ्याची. त्याचे नाव अंकुशकृमी. तो दोऱ्याच्या तुकड्याएवढा असतो. उघड्यावर शौचाला बसले की त्याची अंडी मातीत पडतात, त्यांतून बारीक अळ्या निघतात व अनवाणी चालणाऱ्याच्या पायाच्या कातडीतून आत शिरतात. मग तो आतड्याला चिकटून रक्त पितो. लेकरू पांढरे पडते, दमते, वाढत नाही. काही लेकरे माती खातात.

माती म्हटल्याबरोबर मला बारक्या दिसला.

फडावर कसे असते ते ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाचटाची कोपी असते. वाकून आत जायचे. आई पहाटे चार वाजताच भाकरी करून उसात जाते. लहान लेकरे थोड्या वेळाने तिकडेच नेतात, बांधावर गोधडी टाकून बसवतात. मोठ्या लेकराने लहान्याला सांभाळायचे. मी सांभाळायचो. पिण्याचे पाणी कुणाच्या तरी मोटारीवरून आणायचे. संडास नसतोच, सगळे उसाच्या कडेला जातात, आणि त्याच कडेला लेकरे खेळतात. बारक्याला चप्पल घेतली होती, ती पहिल्याच आठवड्यात चिखलात गेली. तो बसल्या जागी ढेकूळ उचलून तोंडात घालायचा. मी हातावर मारायचो, तरी खायचा. हातपाय काडीसारखे व पोट मात्र पुढे. आम्हांला वाटायचे, खोड आहे त्याची.

तर, गोळ्या वाटताना आशाताई प्रत्येकाला "चावून खा, आता आ कर" असे म्हणत होत्या. माझा नंबर आला आणि तेवढ्यात पुढच्या एका मुलाला उलटी झाली. सगळे तिकडे धावले. (त्याला काही झाले नाही. आशाताईंनी सावलीत निजवले, तासाभराने तो लंगडी खेळत होता. कुणाकुणाला मळमळते, असे त्या म्हणाल्या.) त्या गडबडीत मी गोळी चड्डीच्या खिशात टाकली. वहीत माझ्या नावापुढे बरोबरची खूण झाली.

मनात म्हटले, आपण इथे गोळ्या खातो, बारक्याला कोण देणार? त्याचे नाव गावच्या अंगणवाडीत आहे आणि तो आहे कोल्हापूरकडे.

दुसऱ्या दिवशी गल्लीतले एक काका तिकडे जाणार होते. आज्जी त्यांच्याबरोबर बाजरीचे पीठ पाठवणार होती. मी गणिताच्या वहीचे पान फाडून गोळीची पुडी केली व पिठाच्या पिशवीत वरच ठेवली. पण आज्जी पिशवी सोडून पुन्हा बांधते, तिची सवयच आहे. "हे काय रं?" मी सांगितले. मला वाटले शाबासकी देईल. ती म्हणाली, "आवशीद असं पिठात पाठवत्यात व्हय? उद्या चल मपल्या संगं शाळेत."

रात्रभर मला झोप आली नाही. सकाळी आज्जीने गुरुजींच्या हातावर पुडी ठेवली. गुरुजींनी मारले नाही. मारले असते तर बरे वाटले असते. ते बराच वेळ पुडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वहीत तू गोळी खाल्लीस, असं लिहिलंय. आता वही खोटी झाली." मग त्यांनी आशाताईंना बोलावले. आशाताईंनी ती पुडी घेतली, मला दुसरी गोळी दिली व समोर चावायला लावली. त्यांनी समजावून सांगितले की एक ते दोन वर्षांच्या लेकराला अर्धी गोळी असते, त्याच्या पुढे पूर्ण. लहान लेकराला ती चुरून पाण्यात द्यावी लागते, नाहीतर घशात अडकते. ताप असेल तर द्यायचीच नाही. आणि यांतले मी पुडीवर काहीच लिहिले नव्हते.

मग गुरुजींनी विचारले, "तुझे आईवडील कोणत्या गावाला आहेत?"

मी म्हणालो, "कोल्हापूरकडं."

"गाव कोणतं? तालुका?"

मला माहीत नव्हते. आज्जीलाही माहीत नव्हते. मला सगळ्यांत जास्त लाज त्याची वाटली. महाराष्ट्राच्या नकाशात मला सिंदफणा दाखवता येते, गोदावरी दाखवता येते, आणि माझी आई कुठे आहे ते दाखवता येत नव्हते.

संध्याकाळी अण्णांना फोन लावला. तेही म्हणाले, "आरं, टोळी हलतीच की सारखी. थांब, इचारून सांगतो." शेवटी त्यांनी रस्त्यावरच्या एका दुकानाच्या पाटीवरची अक्षरे एकेक करून वाचली व मी ती लिहून घेतली. गुरुजींनी ती चिठ्ठी आशाताईंना दिली. त्यांनी कुणाकुणाला फोन करून त्या गावच्या अंगणवाडीचा पत्ता काढला. ज्यांची गोळी राहिली त्यांना आठवड्याने पुन्हा एक दिवस गोळी देतात. त्या दिवशी बारक्याला तिथे न्यायचे ठरले.

पण ठरवले म्हणून होत नाही. नवराबायको मिळून एक कोयता. एक जण नसला की काम अडते, आणि दिवस बुडाला की खाडा पडतो, म्हणजे पैसे कापतात. उचल आधीच घेतलेली असते. अण्णा फोनवर म्हणाले, "गोळीपायी खाडा परवडत नाय." मी काहीच बोललो नाही. अण्णा काही वाईट नाहीत. तेच त्याला खांद्यावर घेऊन फडावर जातात. आज्जीने माझ्या हातातून फोन घेतला आणि ओरडली, "माझ्या निराधाराच्या पगारातून काप खाडा, पण लेकराला ने."

आईने नेले. दुपारी मोळ्या बांधून झाल्यावर ती बारक्याला कडेवर घेऊन दोन किलोमीटर चालत गेली. अर्धाच खाडा पडला. तिथल्या बाईंनी गोळी चुरून पाण्यात दिली व वजन केले. पाच वर्षांच्या बारक्याचे वजन भरले १३ किलो. त्या बाई म्हणाल्या, इथे आहात तोवर ह्याला रोज आणा, खाऊ मिळेल, गाव वेगळे असले तरी चालते. आईने आठ-नऊ दिवस पाठवला. मग टोळी दुसऱ्या गावाला हलली.

जूनमध्ये बारक्या आपल्या शाळेत पहिलीत आला. मग तपासणीची गाडी आली तेव्हा डॉक्टरांनी त्याची खालची पापणी ओढून पाहिली, तळहात पाहिले व रक्त कमी आहे म्हणून सांगितले. आता तो आठवड्याची गुलाबी गोळी खिचडीनंतर माझ्यासमोर खातो. ती लोहाची असते. चव वाईट आहे, मला माहीत आहे, मीही खातो. ऑगस्टात जंताची गोळी त्याने सगळ्यांच्या आधी खाल्ली आणि मोठा आ करून दाखवला. परवा शाळेतल्या काट्यावर तो साडेचौदा किलो भरला. आज्जी म्हणते हे बाजरीच्या भाकरीने झाले, आशाताई म्हणतात गोळ्यांनी. बारक्या म्हणतो, "खेळून खेळून झालं." माती खाताना मी त्याला पाऊस पडल्यापासून पाहिलेले नाही.

आता पुन्हा दसरा जवळ आला आहे. मुकादम घरी येऊन गेला. यंदा बारक्याला ठेवायचे की न्यायचे, यावर घरात रोज बोलणे होते. गुरुजी म्हणतात ठेवा, वसतिगृहात त्याचेही नाव घालू. आज्जी म्हणते मला दोघे झेपतील. आई काही बोलत नाही. मी बारक्याला विचारले तर तो म्हणाला, "मला आईजवळ निजायचंय." कोपीत तो आईच्या पदरात तोंड घालून निजतो. मी दुसरीत असताना मीही निजायचो, म्हणून मला त्याच्यावर ओरडता आले नाही.

येत्या शनिवारी पालक सभा आहे. आईला वाचता येत नाही. मी तिला या भिंतीसमोर उभी करून हे सगळे वाचून दाखवणार आहे. ज्यांना वाचता येत नाही अशा इतर आयाही आल्या तर त्यांनाही दाखवीन, मधल्या सुट्टीत या.

आणि एक गोष्ट केली आहे. शंभर पानी वहीचे अर्धे कापून मी अण्णांना एक छोटी वही दिली आहे. टोळी ज्या गावाला उतरेल त्या गावाचे नाव, तालुका व तारीख त्यात लिहायची आणि त्याच दिवशी मला फोनवर सांगायचे. अण्णा हसले, पण त्यांनी वही कोयत्याच्या पिशवीत ठेवली. पहिल्या पानावर मी आपल्या गावाचे नाव लिहिले आहे, तालुका शिरूर कासार, जिल्हा बीड. दुसरे पान कोरे आहे.