एकवीस आणि वीस एक

मुलीला कोणत्या शाळेत घालायचं, या प्रश्नानं आमचं सबंध वर्ष खाल्लं. स्टुटगार्टमधल्या मराठी मंडळींच्या घरी जेवायला गेलं, की वरणभात वाढेपर्यंत विषय तिथंच येऊन थांबे. एका बाजूला इंग्रजी माध्यमाची आंतरराष्ट्रीय शाळा, फी वर्षाला वीस हजार युरोंच्या घरात. दुसरीकडे अर्धं जर्मन, अर्धं इंग्रजी शिकवणारी खासगी शाळा. आणि घरापासून सात मिनिटांवर सरकारी ग्रुंडशूल, म्हणजे पहिली ते चौथी, फुकट.

इंग्रजी शाळेच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. नोकरी गेली, बदली झाली, तर पोरगी उद्या पुण्यात किंवा सिंगापुरात बसू शकली पाहिजे. जर्मन शिकून परत गेलो तर काय? मुंबईत 1961पासून जर्मन शाळा आहे, हे कुणीतरी सांगितलं. मुंबई आणि स्टुटगार्ट ही 1968पासूनची भगिनी शहरं, त्यामुळे हे ऐकायला बरं वाटलं. पण सोलापूरजवळच्या आमच्या तामलवाडी गावापासून मुंबई चारशे किलोमीटरच्या पुढं. तिथं घर घेणं म्हणजे पुन्हा परदेशीच राहणं.

खरी भीती वेगळी होती. इथं चौथीतच, मूल दहा वर्षांचं असताना, शाळा सांगते की याला गिम्नाझियुममध्ये पाठवा, त्याला दुसरीकडे. विद्यापीठाची सरळ वाट गिम्नाझियुममधून जाते. घरात जर्मन न बोलणारं लेकरू चार वर्षांत कुठवर पोचणार? दहाव्या वर्षी आम्ही सोलापूर-तुळजापूर रस्त्याकडेला उभं राहून कोजागरीला पायी निघालेल्या भाविकांना पाणी वाटत होतो. आमचं पुढं काय, हे कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

शेवटी गावी आबांना फोन लावला. आबांचं शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत, पण सोलापूरच्या बाजारातली कांद्याची पट्टी ते कागद न घेता तपासतात. सगळं ऐकून म्हणाले, "शेजारची पोरं कुठं जातात?"

"सरकारी शाळेत."

"मग खेळणार कुणासंगं ती?"

गेल्या सप्टेंबरात ती ग्रुंडशूलमध्ये गेली. पहिल्या दिवशी इथं मुलांच्या हातात शूलट्यूट देतात, खाऊ आणि खडू-पेन्सिलींनी भरलेला कागदाचा भलामोठा शंकू. त्यात बायकोनं तिळाचे लाडू घातले होते. मधल्या सुट्टीत ते संपले.

अडलं ते आकड्यांवर. बाईंनी बोलावून वही दाखवली. सत्तावीस सांगितलं की पोरगी 72 लिहिते. जर्मनमध्ये आधी सात, मग वीस. कानाला सात आधी ऐकू येतो, म्हणून हातही सात आधी लिहितो. बाई म्हणाल्या, इथल्या पुष्कळ मुलांचं होतं असं, घरी तुम्ही तुमच्या भाषेत सराव घ्या, ती वेगळी असेल. मला हसू आलं. आमचं सत्तावीस तरी काय वेगळं आहे? सत्ता आधी, वीस मागून.

2019मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! मंगला नारळीकरांच्या समितीचं म्हणणं साधं होतं, की लिहितो तसं बोललं तर लहान मुलाला सोपं जातं. विनोद विधानसभेपर्यंत पोचले. मीही तेव्हा फॉरवर्ड केले होते, आता त्याची लाज वाटते. जर्मनीतही याच मागणीसाठी 2004पासून एक संघटना आहे, बोखुमच्या एका गणितज्ञानं उभी केलेली. तिचं नावच 'त्स्वान्त्सिशआइन्स', म्हणजे वीस एक. तिलाही फारसं कुणी जुमानत नाही.

मग कळलं, की पोरीला इंग्रजीपेक्षा मराठीचाच आधार जास्त आहे. तीन लिंगं तिला समजावून द्यावी लागली नाहीत. जर्मनमध्ये मूल नपुंसकलिंगी, आणि तिची आजी तरी तिला दुसरं काय म्हणते? 'कुठं गेलं ते लेकरू?' फक्त सूर्य तिकडे बाई आहे, त्यामुळे परवा खिडकीतून ओरडली, "बाबा, सूर्य आली!" इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या तिच्या मैत्रिणीला हे तो-ती-ते फार छळतं.

अर्थात चौथी अजून यायची आहे आणि फीसाठी वेगळे ठेवलेले पैसे आम्ही मोडलेले नाहीत.

रविवारी तिनं फोनवर आबांना जर्मन आकडे म्हणून दाखवले. मी मागून अर्थ सांगत होतो: एक आणि वीस, दोन आणि वीस, तीन आणि वीस. आबा खूश. "आपलंच आहे की सगळं." नऊ आणि वीस आलं तेव्हा त्यांनी थांबवलं.

"एकोणतीस म्हण."

"आबा, ते तसं नाही म्हणत. नऊ आणि वीसच."

पलीकडे क्षणभर शांतता.

"मग तिथं चुकलेत ते," आबा म्हणाले.