मागें कोण राहणार?

प्रवासास निघणाऱ्या कुटुंबापुढें जे प्रश्न उभे राहतात ते पिढ्यान्‌पिढ्या तेच आहेत. देवपूजा कोण करील, तुळशीला पाणी कोण घालील, दुधाचा रतीब बंद ठेवावा कीं शेजारीं लावून द्यावा, किल्ली कोणाच्या हवालीं करावी. यांचीं उत्तरें निघण्याच्या आदल्या रात्रीं मिळालीं तरी चालतें. बाळकृष्ण डबींत घालून बरोबर नेतां येतो. तुळस चार दिवस कोमेजली तरी पुन्हां पालवी धरते. पण घरांत कुत्रा असला म्हणजे या यादींत एक असा प्रश्न येऊन बसतो कीं, त्याचा निकाल लागेपर्यंत आगगाडीचीं तिकिटें काढण्यांत अर्थ नसतो. आणि गंमत अशी कीं, हा प्रश्न ज्याच्यासंबंधीं आहे त्यालाच त्यांतलें कांहीं सांगतां येत नाहीं. लहान मुलाला ‘आई उद्यां येणार’ म्हणून समजावतां येतें. कुत्र्याला ‘उद्यां’ हा शब्द कसा शिकवावा? टोकियोच्या शिबुया स्टेशनावर हाचिको नांवाचा कुत्रा आपल्या धन्याची रोज वाट पाहत असे. धनी प्राध्यापक होते. ते १९२५ सालीं एकाएकीं वारले, आणि हाचिको १९३५ सालीं स्वतः मरेपर्यंत त्या स्टेशनावर येत राहिला. लोक त्याच्या निष्ठेचे गोडवे गातात. त्याचा पुतळाही तेथें आहे. मला मात्र ती हकीकत आठवली कीं दुसरीच गोष्ट मनांत येते. धनी आतां येणार नाहीं, हें त्याला दहा वर्षांत कोणी सांगूंच शकलें नाहीं!

आमचें घर वरवट बकालला, संग्रामपूर तालुक्यांत. उत्तरेस सातपुड्याची रांग, दक्षिणेस पूर्णा. आगगाडी गांठावयाची तर पूर्णा ओलांडून शेगांवला जावें लागतें. घरीं आम्ही तिघें, म्हणजे मी, सौ. आणि आई, मुलगा शिक्षणासाठीं नागपुरास. चौथा मोती. तो गांवठी जातीचा, तांबूस रंगाचा, आतां अकरा वर्षांचा आहे. चौथ्या वर्षीं त्याला अपस्माराचे झटके येऊं लागले. अकोल्याच्या पशुवैद्यकीय स्नातकोत्तर संस्थेंत नेऊन दाखविलें, तेव्हांपासून सकाळीं सातला व संध्याकाळीं सातला फेनोबार्बिटलची गोळी चालू आहे. या औषधाचा स्वभाव मोठा कडक. बारा बारा तासांनीं नेमानें दिलें तर महिनेच्या महिने झटका येत नाहीं. एकाएकीं बंद केलें तर पूर्वींहून जोराचे झटके येण्याचें भय असतें. तात्पर्य, मोतीला भाकरतुकडा टाकणारें माणूस पुरणार नव्हतें. घड्याळ मानणारें माणूस हवें होतें.

गेल्या वर्षीं आषाढाच्या आरंभीं थोरल्या बंधूंच्या हृदयावरील शस्त्रक्रियेची तारीख पुण्याहून कळली. तेथें वहिनी एकट्या. त्यांचा मुलगा परदेशीं. मी तर जाणारच होतों, सौ.वांचून तेथलें घर चालणार नव्हतें, आणि आईला ‘तूं मागें राहा’ असें म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. निघण्यास नऊ दिवस उरले होते.

मोतीला बरोबरच न्यावें असें प्रथम मनांत आलें. रेल्वेच्या नियमांप्रमाणें कुत्र्याला वातानुकूलित पहिल्या वर्गांत नेतां येतें, परंतु त्यासाठीं दोघांचा किंवा चौघांचा संबंध कप्पा आपल्यासाठीं राखून घ्यावा लागतो. तें न जमलें तर गार्डाच्या डब्यांतील पेटी. अकरा वर्षांच्या आजारी जनावराला रात्रभर त्या खडखडाटांत कोंडावयाचें, हें सौ.ला ऐकवेना. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत धर्मराजालाही हीच अडचण आली होती. इंद्र रथ घेऊन समोर आला, पण कुत्र्याला स्वर्गांत जागा नाहीं म्हणाला. आणि धर्मराज कुत्र्याला टाकून रथांत चढेना. पुराणिकबुवा येथें आश्रिताच्या त्यागाचें पाप विस्तारानें सांगतात. प्रापंचिकाच्या दृष्टीनें पाहतां मला वाटतें, धर्मराजापुढें दुसरा मार्गच नव्हता. द्रौपदी वाटेंत पडली, चौघे भाऊ पडले. ज्याच्याकडे कुत्रा ठेवून जावें असें एकही माणूस उरलें नव्हतें.

आमचीं माणसें सुदैवानें उरलेलीं होतीं. खामगांवच्या चुलतभावाला विचारलें. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. ‘आणा कीं’ असें ते लगेच म्हणाले. पण त्या ‘आणा कीं’च्या आधीं घेतलेला दीर्घ श्वास मला दूरध्वनीवरूनही ऐकूं आला. पुण्यांत कुत्र्यांचीं वसतिगृहें निघालीं आहेत, त्यांपैकीं एकाशीं बोललों. त्यांनीं लसींचें पुस्तक मागितलें, तें योग्यच होतें; दर दिवसाचा आकारही सांगितला. ‘गोळी सातलाच द्यावी लागते’ असें म्हणतांच ‘आमच्याकडे जेवण साडेआठला असतें, तेव्हां देऊं’ असें उत्तर आलें. तेथेंच तो विषय संपला. शिवाय कुत्रा जसा माणसाला ओळखतो तसाच जागेलाही ओळखतो. धनी दिसत नाहीं, ओसरी दिसत नाहीं, आणि भोंवतीं तीस अनोळखी कुत्रीं भुंकताहेत, ही दशा धडधाकट जनावरालाही सोसवत नाहीं. अपस्मार असलेल्याला मनाचा असा ताण म्हणजे झटक्याला आमंत्रणच. कुत्र्याला माणसाकडे नेण्यापेक्षां माणसालाच कुत्र्याकडे आणावें, हें माझ्या मनानें घेतलें. पण असें माणूस आणावयाचें कोठून?

याच विवंचनेंत एका दुपारीं मीं आईला विचारलें, “पूर्वीं आपल्याकडे कुत्रीं होतीं, आणि सगळं घर लग्नाला जायचं. तेव्हां काय करीत होतात?”

“काय करायचं? आत्याबाई असायच्या ना!” आई म्हणाली.

आत्याबाई म्हणजे माझ्या आजोबांची बहीण. लहानपणींच विधवा होऊन माहेरीं आल्या त्या येथेंच राहिल्या. माझ्या बालपणीं या घरांत वीस पानें पडत. लग्नमुंजीला विसांतले एकोणीस जात, आणि एक मागें राही. मंगलकार्यांत त्यांनीं पुढें यावयाचें नाहीं असा दंडक. त्यामुळें घर राखावयास माणूस आयतें मिळे. गाईला वैरण, देवाला नैवेद्य, कुत्र्याला भाकरी, सारें त्यांच्या हातून वेळच्या वेळीं होई. वैश्वदेवाच्या अन्नांत कुत्र्याचाही वांटा असतो हें मला त्यांनींच सांगितलें. सोंवळ्यांत असल्या म्हणजे त्या दुरूनच भाकरी टाकीत आणि कुत्र्याशीं बोलत उभ्या राहत; घरांत दुसऱ्या कोणाशीं त्या इतक्या बोललेल्या मला आठवत नाहींत. एकत्र कुटुंबांत सर्वांची सोय होत असे असें आपण मोठ्या प्रेमानें म्हणतों, आणि तें खोटें नाहीं. मात्र ती सोय कोणी तरी आपल्या जागीं बसून राहिल्यानें होत असे, आणि त्या माणसाला ‘आपण राहाल का?’ असें विचारण्याची रीत नव्हती. माझ्या आईच्या लग्नालाही आत्याबाई गेल्या नव्हत्या. नवी सून म्हणून ती या घरीं आली तेव्हां परसांत कुत्र्याजवळ उभ्या असलेल्या त्या तिला प्रथम दिसल्या.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आई काठी टेकीत परसामागच्या घरीं गेली. तेथें आमच्या शेतावरचे सालदार सहकुटुंब राहतात. त्यांच्या पत्नीला आम्ही मावशी म्हणतों. निरोप धाडून त्यांना बोलावून घेणें सहज शक्य होतें. पण आई त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली, सगळी हकीकत सांगितली, आणि ‘तुम्हांला जमेल का?’ असें विचारलें. मावशी म्हणाल्या, “तुमी बिनघोर जा जी. आमच्या घरी जे शिजन, ते त्याले भेटन.”

यांतलें ‘जे शिजन’ हेंच सौ.च्या काळजीचें कारण. वऱ्हाडांत कांद्यावांचून शिजतें काय? आणि कांदा-लसूण म्हणजे कुत्र्याला विष. त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी त्यानें फुटतात. द्राक्षें आणि मनुका त्याच्या मूत्रपिंडाला अपाय करतात, तेव्हां प्रसादाच्या शिऱ्यापासूनही त्याला दूर ठेवावें लागतें. कांदेनवमी दोन दिवसांवर आली होती. आईनें मावशींना सांगितलें, “आमचा चातुर्मास चार महिन्यांचा, मोतीचा बारा महिन्यांचा.” सौ.च्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानानें जें साधलें नसतें तें या एका वाक्यानें साधलें.

त्या दिवसापासून गोळी आम्हीं दिली नाहीं. सकाळ-संध्याकाळ मावशी येत, भाकरीच्या मऊ लगद्यांत गोळी दडवून मोतीला भरवीत, आणि आम्ही नुसते पाहत बसत असूं. निघावयाच्या दिवसापर्यंत त्याला त्यांच्या हाताची संवय झाली. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत नेऊन रेबीजची वार्षिक लस टोंचून आणली. मावशींचा नातू चार वर्षांचा. कितीही गरीब कुत्रा असला तरी धनी घरीं नसतां घाबरून दांत लावणार नाहीं असें छातीठोक कोणी सांगावें? तसें झालेंच तर जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी, कुत्र्याला लस टोंचलेली असली तरी मुलाला त्याच दिवशीं डॉक्टरकडे न्यावें आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, हें मीं चिठ्ठींत लिहिलें. चिठ्ठी दोन पानें झाली. सौ.नें त्यांतलें दीड पान काढून टाकलें. उरलें तें असें: झटका आला तर तोंडांत हात किंवा चमचा घालूं नये, कांदा किंवा वहाण हुंगवूं नये, आजूबाजूचें सामान सरकवून घड्याळाकडे पाहावें, पांच मिनिटांत थांबला नाहीं, अथवा एकामागून एक येऊं लागले, तर तत्काळ डॉक्टरांना बोलवावें. आणि शेवटीं एक ओळ, ‘पाऊस लागला तर बांधून ठेवूं नये.’ २२ जुलै २०२३ रोजीं संग्रामपूर आणि जळगांव जामोद तालुक्यांत जो पाऊस कोसळला आणि गांवांत पाणी शिरलें, तें येथें कोणी विसरलेलें नाहीं. दाव्याला बांधलेल्या जनावरांना अशा वेळीं पळावयास वावच उरत नाहीं.

मावशींची मुलगी दहावींत आहे. तिनें चिठ्ठी मोठ्यानें वाचली आणि आमच्या ओसरीवरच अभ्यासाला बसण्याचें कबूल केलें. तिला एकांत मिळाला, मोतीला सोबत. मोतीच्या गोणपाटावर आईनें आपलें अंगावरचें जुनें लुगडें न धुतां अंथरलें. त्याचें नाक हाच त्याचा टपाल खात्याशीं संबंध, असें ती म्हणाली.

पुण्यांत शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. रोज संध्याकाळीं सातनंतर इस्पितळाच्या व्हरांड्यांतून मी घरीं दूरध्वनी करीत असें, आणि ‘बरं हाय जी’ एवढें ऐकलें कीं पुरे होई. बाराव्या दिवशीं दूरध्वनी लागेना. गांवाकडे पावसानें झोड उठवल्याचें कळलें. त्या रात्रीं बंधूंच्या उशाशीं बसून माझें निम्में चित्त पूर्णेपलीकडे होतें, आणि हें कोणाला बोलून दाखविण्याची सोय नव्हती. भाऊ अतिदक्षता विभागांतून नुकता बाहेर आलेला, आणि आपण कुत्र्याची चिंता करतों, हें बरें दिसलें नसतें. पहांटे आई आपण होऊन म्हणाली, “मोती माडीवर असेल. मावशी आहेत.” आणि तसेंच होतें. पाणी परसांत येण्याआधींच मावशींनीं त्याला आमच्या माडीवर नेलें होतें. आपल्या दोन शेळ्याही बरोबर नेल्या होत्या.

एकोणीस दिवसांनीं आम्ही परतलों. ओसरीवर कालनिर्णय टांगलेलें होतें आणि प्रत्येक तारखेवर कुंकवाचे दोन दोन ठिपके होते, एक सकाळचा, एक संध्याकाळचा. मीं मोजले, अडतीस भरले. पण तेराव्या तारखेवर हळदीचा एक तिसरा ठिपका दिसला. हा कसला म्हणून विचारलें. पावसाच्या त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशीं मोतीला झटका आला होता. मुलीनें घड्याळ लावलें. दोन मिनिटांत थांबला. मावशी म्हणाल्या, “तिकडं तुमचं भावाचं चालू होतं, म्हून नाई सांगतलं.” त्यांनीं सांगावयास हवें होतें कीं नको, यावर सौ.चा आणि माझा अजून वाद आहे. सौ. म्हणते, पुण्याहून तुम्ही करणार तरी काय होतां? याला माझ्याजवळ उत्तर नाहीं, तरीही वाद मीं सोडलेला नाहीं.

पैशांचा विषय निघतांच मावशी उठून उभ्या राहिल्या. “कुत्र्याले भाकर घातली, त्याचे पैसे घ्याव का जी?” साडीचोळी करून ओटी भरावी अशी सौ.ची सूचना होती. आईला ती पटली नाहीं. पुण्याच्या वसतिगृहानें सांगितलेल्या दरानें एकोणीस दिवसांचा हिशेब करून तिनें पाकीट आधींच तयार ठेवलें होतें. तें मावशींच्या हातांत देऊन ती म्हणाली, “घ्या. आत्याबाईंना आम्ही कधीं कांहीं दिलं नाहीं.” आत्याबाई कोण हें मावशींना ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. त्यांनीं आईच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलें आणि पाकीट घेतलें.

मोतीनें आमचें स्वागत यथास्थित केलें. आईच्या भोंवतीं तर तो धाप लागेपर्यंत फिरला. मात्र संध्याकाळीं सात वाजले तसा तो उठला आणि मागल्या दारानें मावशींच्या ओट्यावर जाऊन बसला. गोळी आमच्या हातांत होती. दोन दिवस त्याला बोलावून पाहिलें. शेपटी हलवी, पण जागचा हलेना. तेव्हांपासून संध्याकाळची गोळी तिकडेच दिली जाते. तिची डबी मावशींच्या फडताळांत असते, आणि महिना भरला कीं आई पाकीट घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसते.