एका फौजी रेडिओची गोष्ट

कोलंबो म्हटलं की काय आठवतं? गॉल फेसवरचा वारा, कोट्टू रोटी आणि लाँग वीकेंडला जोडून टाकलेली दोन दिवसांची रजा. माझीही लिस्ट तयार होती. निघायच्या आदल्या दिवशी साताऱ्याहून आजीचा फोन आला. ‘अगं, कोलंबोला चाललीस ना? मग तेवढं रेडिओ सिलोन बघून ये. आमच्या ह्यांचा फार जीव होता त्याच्यावर.’

आता बोला! बीच सोडून रेडिओ स्टेशन?

तरी गेले. रिक्षावाल्याला ‘इंडिपेंडन्स स्क्वेअर’ सांगितलं की पुरे. दगडी खांबांचा भव्य मंडप, संध्याकाळी जॉगिंगला आलेली तरुण पोरं आणि त्याच परिसरात श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनची इमारत. हेच १९६७ पर्यंतचं रेडिओ सिलोन. आणि त्याच्याही आधीची गोष्ट चक्क फौजी आहे.

१९४४ मध्ये लॉर्ड माउंटबॅटन यांनी दोस्तांच्या आग्नेय आशियातल्या फौजांचं मुख्यालय दिल्लीहून कँडीला हलवलं. तिकडे ब्रह्मदेशच्या जंगलात जपान्यांशी लढणाऱ्या चौदाव्या आर्मीला ‘विसरलेली फौज’ म्हणायचे. पाऊस, मलेरिया आणि घर हजारो मैल लांब. व्हेरा लिन ही त्यांची लाडकी गायिका त्याच वर्षी थेट तिथे जाऊन गायली. पण गायिका रोज कुठून आणणार? रोज येऊ शकतो तो रेडिओ! म्हणून कोलंबोत फौजेचं स्टेशन उभं राहिलं, ‘रेडिओ सीअ‍ॅक’. हलकीफुलकी गाणी, बातम्या आणि घरच्या भाषेत बोलणारं कुणीतरी.

गंमत पुढेच आहे. विमानतळाच्या बाजूला एकला नावाचं गाव आहे. तिथला या स्टेशनचा १०० किलोवॅटचा दणदणीत ट्रान्समीटर सुरू झाला १९४६ मध्ये. जपान तर ऑगस्ट १९४५ मध्येच शरण आला होता! मग मशीन वाया गेलं? छे. लढाई संपली होती, वाट बघणं संपलं नव्हतं. घरी जायला नंबर लागेना, म्हणून जानेवारी १९४६ मध्ये ब्रिटिश हवाईदलातल्या पोरांनी कराचीपासून सिंगापूरपर्यंत संप केले. सिलोनही त्यातून सुटलं नाही. अशा वैतागलेल्या पोरांना गाण्यांची गरज उलट जास्तच होती.

पुढे फौज गेली आणि ट्रान्समीटर रेडिओ सिलोनकडे आला. १९५२ मध्ये आपले मराठी बाळकृष्ण केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास गायबच झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोलंबोहून ‘बिनाका गीतमाला’ सुरू! अमीन सायानींचा आवाज मुंबईत रेकॉर्ड व्हायचा, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून गाणी परत आपल्याच घरात यायची.

आमचे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत. १९६५ मध्ये ते सीमेवर, आजी गावात. बुधवारी रात्री आठला ते बराकीत रेडिओपाशी, ही शेजारच्यांच्या ओसरीवर. पत्रात ते दुसरं फारसं लिहायचे नाहीत. ‘या बुधवारी ऐकलंस का?’ एवढंच. तिच्या लेखी तेच खुशालीचं पत्र होतं.

म्हणजे ते फौजी मशीन वीस वर्षांनीसुद्धा आपलं जुनंच काम करत होतं. फक्त आता वाट बघणारी माणसं आपली होती.

इमारतीचा फोटो काढून आजीला व्हॉट्सअ‍ॅप केला. लगेच फोन. ‘एवढीशीच आहे होय गं?’ मग थोडा वेळ गप्प. ‘बुधवारी मी आठच्या आत भाकऱ्या थापून ठेवायचे,’ ती म्हणाली.

कोलंबोला गेलात तर बीचवर जाच. पण अर्धा तास इकडेही. आणि जाण्याआधी घरच्या आजीला एक फोन करा.